गाण्यात टिकटिक येतेय? आधी हेडफोनची गादी बघा

मार्चचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे परभणीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओची सुगी. १४ एप्रिल तोंडावर आलेली असते आणि प्रत्येकाला आपलं नवं भीमगीत जयंतीच्या आधी वाजायला हवं असतं. खोली दहा बाय बाराची. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, दाराला जाड पडदा, आणि माइक चालू झाला की पंखा बंद. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते, त्याला इलाज नाही. बाहेर ऊन चाळिशी गाठत असतं, आत गायक घामाघूम, आणि त्याच्या कानांवर तासन्‌तास हेडफोन.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक वयस्कर शाहीर टेक संपवून खोलीबाहेर आले. पांढराशुभ्र सदरा, आणि दोन्ही कानांभोवती, गालांवर काळे ठिपके. ढोलकीवाल्याला हसू आवरेना. "शाहीर, घरून तीट लावून पाठवलं का? लई देखणे दिसायलेत म्हणून!" शाहिरांनी गाल पुसला तर बोटाला काळा पापुद्रा चिकटला. सगळे हसले, मीही हसलो. हेडफोनच्या गादीचं, म्हणजे पॅडचं, रेक्झीन सुटायला लागलंय हे मला दिसत होतं. तरी मी ते फडक्यानं झटकलं आणि पुढचा टेक घेतला.

रात्री मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला, बसलो. शाहिरांच्या आवाजाचा ट्रॅक एकटा लावला, तर दोन कडव्यांमधल्या शांततेत बारीक टिक, टिक, टिक. केबल बदलली, टिकटिक तशीच. माइक तपासला, घड्याळ खोलीबाहेर नेऊन ठेवलं. अर्ध्या तासानं डोक्यात उजेड पडला. ताल धरायला शाहिरांच्या कानात जी क्लिक दिली होती, तीच हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरली होती. डाव्या पॅडला खालच्या बाजूनं भेग पडली होती, करंगळीचं टोक जाईल एवढी. शाहिरांना माजलगावहून पुन्हा बोलवावं लागलं. एस.टी.चं भाडं अर्थातच मी दिलं.

पॅड बदलायला मला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता दहा मिनिटं लागतात. स्क्रू फिरवायचा नाही, सोल्डरिंग नाही. तुमच्याकडे जुना पण दणकट स्टुडिओ हेडफोन असेल आणि त्याची गादी गेली म्हणून तो माळ्यावर टाकला असेल, तर खाली काढा.

गादी नुसती मऊपणासाठी नसते

कानाला टोचू नये म्हणून ही गादी असते, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर बंद प्रकारच्या, म्हणजे कानावरची वाटी किंवा कप मागून बंद असलेल्या, हेडफोनमध्ये पॅड हा आवाजाचाच भाग आहे. कप, पॅड आणि तुमचं डोकं मिळून एक छोटी हवाबंद खोली तयार होते. आतला छोटा स्पीकर, म्हणजे ड्रायव्हर, या खोलीतल्या हवेवर दाब देतो. उंच स्वरांचं फारसं बिघडत नाही, पण ढोलकीचा धुम्म, बेस गिटार, हलगीचा खालचा ठोका यांना हा दाब धरून ठेवावा लागतो. फट पडली की दाब निसटतो आणि बेस पातळ होतो. हातपंपाचा वायसर गेल्यावर दांडा कितीही हाणा, पाणी येत नाही, तसंच हे.

यातून पुढे जे होतं ते टिकटिकीपेक्षा वाईट. बेस कमी ऐकू येतो म्हणून मिक्स करणारा तो वाढवतो. मी वर्षभर हेच करत होतो. मिरवणुकीतला एक डीजेवाला दरवेळी म्हणायचा, "दादा, तुमच्या गाण्याचा बेस लई फुगलेला असतो, मला तिथं कापावा लागतो." मला वाटायचं, त्याचीच मशीन खराब. पॅड बदलले, जुनी गाणी परत ऐकली आणि मान खाली गेली. खराब पॅड तुमच्याशी खोटं बोलतो आणि तुम्ही त्या खोट्यावर इमाने इतबारे दुरुस्त्या करत बसता.

पॅड दबून पातळ झाला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, त्यानं वरच्या स्वरांचा तोलही बदलतो. शिवाय बाहेरचा आवाज आत येतो म्हणून गायक म्हणत राहतो, "जरा अजून द्या, अजून द्या." आवाज वाढतो, गळती वाढते, आणि त्याच्या कानांवर मार बसतो तो वेगळाच.

तपासायची सोपी रीत आहे. ओळखीचं, भरपूर बेस असलेलं गाणं लावा, हेडफोन घाला आणि दोन्ही कप तळहातांनी हलके डोक्याकडे दाबा. दाबल्यावर बेस एकदम भरून आला आणि सोडल्यावर ओसरला, तर पॅड हवा धरत नाही. चष्मा असेल तर तो काढून एकदा करून बघा, कारण चष्म्याची काडीही फट पाडते. फेटा किंवा टोपी पॅडखाली आली तरी तेच होतं. कीर्तनकार मंडळींना मी फेटा दोन बोटं वर सरकवायला सांगतो. कुणी रागावलेलं नाही अजून.

बाकी खुणा उघड असतात. काळे पापुद्रे, हाताला येणारी चिकट ओल, अंगठ्यानं दाबल्यावर परत न फुगणारा फोम, आणि कानाची पाळी आतल्या प्लास्टिकला टेकणं. यातलं शेवटचं दिसलं की पॅड पापुद्रे न सोडताही संपलेला असतो.

हे सुटतं कशानं

आपण ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतो ते पॅडवर बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं, कापडाच्या अस्तरावर चढवलेला पातळ थर. पॉलियुरेथेनच्या बऱ्याच प्रकारांना ओल सोसत नाही. हवेतली वाफ आणि घाम यांनी त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात, उष्णतेत हे काम वेगानं होतं. त्यात आपल्याकडे डोक्याला तेल चोपडायची रीत. खोबरेल अंगी लागतं, पण पॅडलाही लागतं. घाम, तेल आणि मराठवाड्याचा उन्हाळा असे तिन्ही एकत्र आले की पॅड फार टिकेल ही आशा सोडायची.

न वापरता डब्यात ठेवलेला पॅडही म्हातारा होतो. स्वस्तात मिळतात म्हणून मी एकदा चार जोड घेऊन ठेवले. चौथा बाहेर काढला तेव्हा तो पिशवीलाच चिकटलेला होता. एक वापरात, एक शिलकीत, बास.

खरेदी: आधी नंबर, मग माप, मग पैसे

हेडफोनच्या कपावर किंवा डोक्यावरच्या पट्टीच्या आत मॉडेल नंबर असतो. तो वाचून कागदावर लिहून घ्या, तोंडपाठ आहे म्हणू नका. एका अक्षराच्या फरकानं पॅड बदलू शकतो. उलट काही वेळा वेगळ्या मॉडेलचे पॅड सारखे असतात आणि ते माहीत असलं तर शोध सोपा होतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, त्याच्या आधीचा व्ही-६ हा १९८५ चा. दोघांना एकच पॅड चालतो. ऑडिओ-टेक्निकाचा जुना एम-५० आणि २०१४ मध्ये आलेला एम-५०एक्स यांचंही तसंच. सेनहायझरचे एचडी-६०० आणि एचडी-६५० एकच पॅड वापरतात. बायरडायनॅमिकच्या डीटी-७७०, ८८० आणि ९९० वर एकमेकांचे पॅड बसतात, पण आवाज बदलतो. म्हणून तिथं आपल्याच मॉडेलचा घ्यावा.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. बायरडायनॅमिक हाइलब्रॉनची आणि सेनहायझर हॅनोवरजवळच्या वेडेमार्कची, म्हणजे दोन्ही घरं मूळची जर्मन. माझ्या टेबलावर दोन्हीकडची माणसं नांदतात असं मी गमतीनं सांगतो. या जर्मन मंडळींचा एक गुण खरा आहे. पॅड हा झिजणारा भाग आहे हे धरून त्यांनी तो हातानं निघेल असा केलाय.

नंबर पुसला असेल किंवा हेडफोन अनोळखी असेल तर माप घ्या. पट्टी मिलिमीटरची. पॅड काढून, ज्या प्लास्टिकवर तो बसतो त्या चकतीची लांबी आणि रुंदी मोजा. पॅडची मोजू नका, कारण जुना पॅड ताणलेला असतो. गोल आकाराचे सर्वसाधारण पॅड ६०, ७०, ८०, ९०, १०० अशा मापांत मिळतात. मोकळं माप कधीही घेऊ नका. दोन-तीन मिलिमीटर घट्ट चालतो, सैल चालत नाही.

आता कापड कुठलं, यावर लोक तासभर भांडतात. मी थोडक्यात सांगतो. गायकाच्या हेडफोनला रेक्झीनच घ्या, कारण तिथं गळती रोखणं महत्त्वाचं. मखमली पॅड, ज्याला व्हेलूर म्हणतात, उन्हाळ्यात कानाला फार सुखाचा. पण त्यातून हवा निसटते. मूळचा रेक्झीनचा पॅड काढून मखमली लावला तर बेस उतरतो आणि क्लिक बाहेर येते. ज्या हेडफोनला कंपनीनंच मखमल दिली आहे, त्याला मखमलच लावा, त्याचा आवाज तसाच बसवलेला असतो. खऱ्या मेंढीच्या कातड्याचे पॅडही मिळतात. टिकतात चांगले, महागही तसेच. जाड, फुगीर, मेमरी फोमचे पॅड दुकानदार आग्रहानं दाखवतो. गाणी ऐकायला ठीक आहेत. मिक्स करणाऱ्यानं मूळ जाडीच धरावी, नाहीतर ओळखीचा हेडफोन परका होतो.

परभणीत हे सहसा मिळत नाही. मी देवगिरी एक्स्प्रेसनं संभाजीनगरला गेलो की पैठण गेटच्या दुकानांत डोकावतो. तिथं मोबाइलचा बाजार मोठा आहे, पण स्टुडिओ हेडफोनचे पॅड नशिबात असले तरच सापडतात. बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावे लागतात. मूळ कंपनीचे आणि तसल्याच आकाराचे दुसरे, यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. दुसरे घ्यायला हरकत नाही, पण पुडकं उघडल्यावर दोन्ही पॅड टेबलावर शेजारी ठेवून उंची बघा. मला एकदा एक पॅड जाड आणि एक बारीक आला होता. तसे लावले असते तर गायकाचा आवाज मधे न बसता एका बाजूला कलला असता. परत पाठवले.

इथं एक उद्योग सांगून टाकतो. एकदा पॅड यायला उशीर होणार होता म्हणून मी गाडीच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. माणूस हाताचा पक्का. तासाभरात दोन सुबक गोल शिवून दिले. पण मोटारसायकलच्या सीटचं रेक्झीन जाड आणि ताठ. डोक्याच्या उंचसखल भागाला ते चिकटेना, बेस गायब. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दादा, बुलेटची सीट सांगा, आत्ता बसवतो. कानाचं काम आपलं नाही." पैसेही घेतले नाहीत त्यानं.

काय काय लागेल

जुनं सिमकार्डाचं प्लास्टिक किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड. रंगाचा मऊ, कोरडा, बारीक ब्रश. कापसाच्या कांड्या. मास्किंग टेप. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले त्याला नुसतं आयपीए म्हणतात आणि मागितलं तर बाटलीच्या झाकणाएवढं सहज देतात. खाली अंथरायला पांढरं फडकं, म्हणजे काळे पापुद्रे दिसतील.

स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवूच नका. असला की हात जातो.

आता कामाला लागा

सुरुवात करण्याआधी एक रेकॉर्डिंग करून ठेवा. हेडफोन डोक्यावर घाला, माइकसमोर गायक उभा राहतो तेवढ्या अंतरावर उभे राहा, क्लिक लावा आणि गप्प राहून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. गेन, म्हणजे माइकची पातळी, किती, हेडफोनचा आवाज किती, लिहून ठेवा. नवे पॅड लावल्यावर हेच पुन्हा करायचं आहे.

मग केबल काढा आणि दोन्ही कपांचे फोटो घ्या. पॅडची शिवण कुठे आहे, जाड बाजू कुठे आहे हे फोटोत दिसू द्या. काही पॅड मागच्या बाजूला जाड आणि पुढे पातळ असतात, त्यांचा डावा-उजवा ठरलेला असतो.

जुना पॅड काढताना आधी तो कसा अडकलाय ते बघा. बहुतेक हेडफोनमध्ये पॅडच्या मागे पातळ कापडाची झालर असते आणि ती कपाच्या कडेच्या खाचेत खोचलेली असते. ७५०६, एम-५०, डीटी-७७० सगळे याच जातीचे. पॅडची कड बोटांनी आतल्या बाजूला दाबा, खालच्या टोकाला झालर उचला आणि उशीचा अभ्रा काढतो तशी हळूहळू फिरवत सोडवा. एचडी-६०० आणि ६५० मध्ये पॅडला प्लास्टिकचं कडं आणि खटके असतात. तिथं कडेला बोटं घालून सरळ बाहेर ओढायचं, खटके एकेक सुटतात. पहिला सुटताना मोडल्यासारखा आवाज येतो, घाबरू नका. १९८८ पासून चालत आलेल्या एचडी-२५ वर पॅड नुसता ताणून चढवलेला असतो. अगदी स्वस्त हेडफोनचे पॅड दुहेरी टेपनं चिकटवलेले असतात. तिथं कार्ड आडवं सारत जा.

बायरडायनॅमिकच्या पॅडखाली एक काळं प्लास्टिकचं कडं दिसेल. ते पॅडचं नाही. त्यानं ड्रायव्हरची चकती धरून ठेवलेली असते, त्याला हात लावू नका.

यानंतरची सफाई हा कामाचा सगळ्यात नाजूक भाग, आणि नवखा माणूस इथंच घाई करतो. कप हातात उलटा धरा, तोंड जमिनीकडे. पापुद्रे खाली पडू द्यायचे, आत ढकलायचे नाहीत. ब्रश कडेकडेनं फिरवा. जाळीवरचा चुरा मास्किंग टेपच्या गुंडाळीनं टिपा, दाबू नका. खाचेत चिकट मळ असेल तर कांडी आयपीएमध्ये बुडवून, पिळून, फक्त खाचेत फिरवा. थेंब गळता कामा नये. कांडी दोन-तीनदा बदला आणि खाच बोटाला कोरडी, गुळगुळीत लागेपर्यंत सोडू नका. नवी झालर चिकट खाचेत सरकतच नाही आणि मग लोक पॅडला दोष देतात.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही चालत नाही, प्लास्टिक पांढरं पडतं किंवा मऊ होतं. खोबरेल तेलानं मळ निघतो खरा, पण खाच तेलकट राहते. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, तो चिकटपणा घालवायला गेलात तर वाढवून याल.

ड्रायव्हरच्या पडद्यावर फुंकर नाही, ब्लोअर नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच. तो पडदा कागदापेक्षा पातळ असतो. पोलादी चिमटाही दूर ठेवा, कारण ड्रायव्हरमागे तगडं चुंबक आहे. चिमट्याचं टोक त्याकडे झेपावतं आणि हातातून निसटून जाळीवर आदळतं. माझ्या एका मित्राचा उजवा कप असाच गेला. टेबलावर आधी कुणी लोखंड कानशीनं घासलं असेल तर जागा बदला. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघत नाही.

जाळीवर पातळ फोमची चकती असते. जुनी झाली की तीही भुगा होते. बोट लावल्यावर चुरा सुटत असेल तर अलगद उचलून टाका आणि तेवढ्याच जाडीची नवी घाला. बऱ्याच वेळा ती नव्या पॅडसोबत येते. फोमखाली कागद किंवा नमद्यासारखी चकती चिकटवलेली दिसली तर ती मात्र ठेवा, आवाज बसवायला कंपनीनं लावलेली असते. आणि फोमच्या चकतीशिवाय हेडफोन वापरू नका. केस आत जातो, पडद्याला टेकतो आणि ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला झर्र झर्र वाजतो.

आता नवा पॅड. सायकलच्या रिमवर टायर चढवताना कुणाला पाहिलं असेल तर निम्मं काम येतं तुम्हाला. आधीची तीन-चतुर्थांश फेरी लोण्यासारखी होते आणि शेवटची वीतभर जागा जीव काढते.

पॅड दोन मिनिटं हातात मळा. डिसेंबरच्या थंडीत आमच्याकडे झालर कडक होते, तेव्हा पाच मिनिटं उन्हात ठेवतो. मे महिन्यात काही लागत नाही, खोलीच तापलेली असते. शिवण फोटोसारखी जुळवा. घड्याळातल्या बाराच्या जागी झालर खाचेत खोचा आणि तिथं डाव्या अंगठ्यानं धरून ठेवा. उजव्या अंगठ्यानं एक, दोन, तीन अशी झालर आत सारत पुढे चला. बोट पोचत नसेल तिथं कार्डाचा कोपरा वापरा, पण टोकदार नको, घासून गोल केलेला. साताठच्या जागी पोचलात की झालर ताणली जाईल आणि पुरणार नाही असं वाटेल. तिथं ओढू नका. उलट बाराच्या बाजूला जाऊन तिथला पॅड मध्याकडे ढकला, म्हणजे ढिलाई खाली येते. टायरलाही पंक्चरवाला हेच करतो.

तरीही जमेना तर दुसरी रीत आहे, गोल कपांना ती फार छान लागू पडते. झालरीचा बोटभर भाग खाचेत अडकवा, पॅडची बाकीची कड कपाच्या बाहेर ताणून धरा आणि अख्खा पॅड स्क्रूच्या झाकणासारखा फिरवा. फिरवता फिरवता झालर आपली आपण खाचेत शिरत जाते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी पॅड काढून परत लावला, केवळ मजा म्हणून.

झालर फाटली तर? बारीक फाटली असेल तर ती बाजू वरच्या अंगाला ठेवा आणि चालवा. मोठी असेल तर पॅड बदला. फेविक्विक लावायचा मोह टाळा. पुढच्या वेळी पॅड निघणार नाही आणि त्याच्या वाफेनं काळ्या प्लास्टिकवर पांढरी बुरशीसारखी साय धरते. खटक्यांचा पॅड असेल तर वरचे काहीच नको. खटके खाचांसमोर धरा आणि चारी बाजूंनी दाबा, कट कट आवाज येईपर्यंत.

लावल्यावर चारी अंगांनी बोट फिरवा. कुठे झालर बाहेर दिसली, कुठे पॅड दुमडला, कुठे कडा उचललेली वाटली तर आत्ताच नीट करा.

कानांनी तपासा

केबल लावा, आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. फोनवर टोन वाजवणारं एखादं मोफत ॲप घ्या आणि ३० हर्ट्‌झपासून हळूहळू २०० हर्ट्‌झपर्यंत चढवत न्या. आवाज गुळगुळीत चढला पाहिजे. मधेच झर्र झालं तर केस किंवा पापुद्रा आत राहिलाय. पॅड काढा, कप उलटा धरा, मागून हलकी टिचकी मारा. मग एकाच आवाजाचं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं, रेकॉर्डिंग लावा. आवाज बरोबर दोन भुवयांच्या मधे यायला हवा. एका बाजूला कलत असेल तर त्या कपात नाही, दुसऱ्या कपात फट शोधा. बरेचजण उलटं करतात.

शेवटी सुरुवातीची अर्ध्या मिनिटाची चाचणी पुन्हा घ्या, तेच अंतर, तोच गेन. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवले की स्क्रीनवरच कळतं. माझ्या पहिल्या वेळी जुन्या ट्रॅकवर क्लिकचे काटे स्पष्ट उभे होते, नव्यावर शोधावे लागत होते.

एक धोका मात्र सांगायला हवा. नवा पॅड लावल्या दिवशी कुणाचं गाणं पक्कं करून देऊ नका. बेस परत आलेला असतो आणि जुन्या सवयीच्या कानांना तो जास्त वाटतो. तुम्ही तो कापता आणि गाणं हडकुळं होतं. मी दोन दिवस नुसती ओळखीची गाणी ऐकतो, तोवर फोमही डोक्याच्या आकाराला बसतो. आणि आता त्या डीजेवाल्यालाच फोन करून विचारतो, "कसं वाजलं?"

टिकवायचं कसं

बनियनच्या कापडाचे गोल आवरण शिवून घ्या, कडेला इलॅस्टिक. गायक बदलला की आवरण बदला, धुवायला टाका. वरचे स्वर किंचित मवाळ होतात, पण गायकाला ताल आणि सूर ऐकायचा असतो, मिक्स करायचं नसतं. स्वतःच्या मिक्सच्या हेडफोनला मी आवरण लावत नाही आणि तो हेडफोन कुणाला देतही नाही, पाहुण्याला नाही, मेव्हण्याला तर नाहीच.

काम संपल्यावर पॅड कोरड्या सुती फडक्यानं पुसा आणि हेडफोन खुंटीला टांगा. घामेजलेला असताना पिशवीत कोंबू नका. गाडीत, खिडकीत, टीव्हीवर ठेवू नका. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात थोड्या साबणानं हातानं धुता येतात. सावलीत दिवसभर पूर्ण वाळू द्या, ओलसर लावले तर वास मारतात. रेक्झीनचे पॅड पाण्यात बुडवू नका, फोम पाणी पितो आणि सोडत नाही.

काढलेले जुने पॅड लगेच फेकू नका. नवे महिनाभर नीट चालले की मगच टाका, तोवर माप म्हणून कामी येतात. आणि नवा पॅड लावण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला, झालरीच्या आत, बॉलपेननं महिना आणि वर्ष लिहा. माझ्या गायकांच्या हेडफोनचा आत्ताचा डावा पॅड फेब्रुवारीत चढवलाय, म्हणजे मार्चची गर्दी सुरू व्हायच्या आधी.